कामगाराला जेवणाची शिस्त शिकवण्याआधी

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत आरोग्य सप्ताह आला की आहारावर एक व्याख्यान होतंच. पडद्यावर ताटाचं चित्र येतं. अर्धं ताट भाज्यांचं, उरलेल्या अर्ध्यात डाळ-उसळ आणि पोळी-भात. मग पाहुणे समजावून सांगतात, की खाण्याशी आपलं नातं बिघडलं आहे. आपण भुकेपेक्षा ताणापोटी जास्त खातो, चावण्याऐवजी गिळतो, घरचा डबा सोडून वडापावच्या गाडीवर उभे राहतो. हे सुधारणं आपल्या स्वतःच्या हातात आहे, मनाचा निश्चय तेवढा हवा. टाळ्या होतात, फळं वाटली जातात आणि समोर बसलेली माणसं आपापल्या लाइनवर परत जातात.

यातला आहारशास्त्राचा भाग मला मान्य आहे. भाज्या खाव्यात, डाळ खावी, सावकाश जेवावं, यावर कोण वाद घालेल? माझा वाद ‘तुमच्या हातात आहे’ या वाक्याशी आहे. चाकणच्या कंत्राटी कामगाराला हे सांगणं खोटं आहे, आणि खोटं आहे म्हणूनच ते निर्दयही आहे. जेवणाची वेळ त्याच्या हातात नाही, स्वयंपाकाची जागा नाही, ताटात काय पडणार हेही नाही. जबाबदारी मात्र सगळी त्याच्या पदरात टाकली जाते. पुढे साखर वाढली, पोट सुटलं, पित्ताने छाती जळायला लागली, की तो स्वतःलाच बोल लावतो. आपल्यातच काही कमी आहे असं त्याला वाटायला लागतं. हे अपराधीपण त्याच्या माथी मारणं थांबलं पाहिजे, एवढ्यासाठी हा प्रतिवाद.

या पट्ट्यातला दिवस कसा जातो ते आधी पाहू. फर्स्ट शिफ्ट सकाळी सहा-सातच्या सुमारास सुरू होते. कंपनीची बस त्याच्या बरीच आधी निघते, कारण पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कोंडी कधी होईल याचा भरवसा नाही. म्हणजे निगडीत, भोसरीत किंवा त्याहून लांब राहणाऱ्याने पहाटे चार-साडेचारला उठायचं. त्या वेळी घास उतरत नाही. माणूस चहा-बिस्किटावर घर सोडतो. आठवड्याने किंवा पंधरवड्याने शिफ्ट बदलते. सेकंड शिफ्ट सुटून खोलीवर पोचेपर्यंत मध्यरात्र होते, मेस बंद झालेली असते, उघडी असते ती रस्त्याकडेची भुर्जी-पावची गाडी. नाइटला ताट समोर येतं ते रात्री एक-दोन वाजता. दिवसा पत्र्याच्या खोलीत उकाड्याने झोप लागत नाही. भूक कधी लागली आणि कधी मेली ते कळत नाही. शरीर एका शिफ्टला सरावतंय तोवर बोर्डावर नवा तक्ता लागतो.

खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या खोल्यांत चार-पाच पोरं मिळून राहतात. कोणी लातूरकडचा, कोणी बीड-परभणीचा, कोणी बुलढाण्याचा, कोणी थेट बिहार-ओडिशाचा. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाला मेसमध्ये मैद्यासारखी पातळ पोळी, बटाट्याची भाजी आणि पाण्यासारखं वरण मिळतं. खोलीत शेगडी असली तरी पाच जणांच्या शिफ्ट पाच वेळांच्या. एकाने भांडी वाजवायची ती दुसऱ्याची झोप मोडून. चाकणचा बाजार कांद्यासाठी महाराष्ट्रभर नावाजलेला आहे, खेड तालुक्यातली भाजी याच बाजारातून पुढे जाते. त्याच गावात राहणाऱ्या या मुलाला हिरवी भाजी आठवड्यातून किती वेळा मिळते, हे आरोग्य सप्ताहात कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रातली आहारचर्चा या मुलाच्या जागेवर उभं राहून ऐकली पाहिजे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून पुढे आलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सांगते, की कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर यांनी याच्या उलट, थोडं थोडं आणि वरचेवर खाण्याचा आग्रह धरला. काही वर्षांपूर्वी या दोन मतांवरून मराठी घरांत, लग्नाच्या पंगतींत, व्हॉट्सअॅपच्या गटांत कडाक्याचे वाद झाले. दीक्षितांनी आपलं म्हणणं पैसे न घेता गावोगावी नेलं आणि त्यामुळे असंख्य माणसं आपण दिवसभरात काय काय तोंडात टाकतो याकडे पहिल्यांदा पाहू लागली, हे श्रेय त्यांचं आहे. भात, तूप, आजीच्या हातचे पदार्थ यांची भीती घालवली हे दिवेकरांचं. पण दोन्ही पद्धती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती एकच: जेवणाऱ्याच्या वेळेवर जेवणाऱ्याचा ताबा आहे. लाइनवरच्या माणसाला कडकडून भूक लागली म्हणून कन्व्हेयर थांबत नाही. दर दोन तासांनी मूठभर शेंगदाणे खाता यावेत म्हणून जागा सांभाळायला रिलिव्हर येत नाही. लघवीला जायचं तरी रिलिव्हरची वाट पाहावी लागते. 55 मिनिटं तर दूरच राहिली. सुट्टी 30 मिनिटांची. तिच्यातून हात धुणं, कँटीनपर्यंतची चाल, रांग, ताट ठेवणं आणि घंटेआधी जागेवर परतणं वजा केलं की घास घ्यायला उरतात दहा-बारा मिनिटं. प्रत्येक घास 32 वेळा चावायला सांगणाऱ्याने ही वजाबाकी एकदा कागदावर मांडून पाहावी.

रात्रपाळीतल्या माणसाला पहाटे तीनला क्रीमरोल आणि गोड चहा का हवासा वाटतो? उपदेशकांच्या मते मनावर ताबा नाही म्हणून. शरीरशास्त्र वेगळं सांगतं. आपल्या पेशींमध्ये दिवस-रात्रीचं घड्याळ असतं; त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 मध्ये नोबेल मिळालं. तेच अन्न, तेवढंच अन्न रात्री खाल्लं तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. झोप तुटली की भूक वाढते आणि ओढ जाते गोडाकडे, तळलेल्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर 2007 मध्ये रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. म्हणजे ज्या कामाने शरीराची भूक उलटीपालटी केली, त्याच कामाच्या ठिकाणी माणसाला भुकेवर विजय मिळवायला सांगितलं जातं.

अर्धपोटी राहण्याचंही तसंच. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अपुऱ्या अन्नावर ठेवलं. ही निग्रही, तत्त्वासाठी युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेली माणसं होती. तरीही त्यांच्या बोलण्यात, विचारात अन्नाशिवाय काही उरलं नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, आणि प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी खाणं थांबेना. पहाटे चारला चहा-बिस्किटावर निघालेला, अकरा वाजता दहा मिनिटांत गिळलेला आणि ओव्हरटाइम लागल्याने संध्याकाळपर्यंत ताटकळलेला माणूस गाडीवर चार वडापाव खातो, तेव्हा तिथे बिघाड मनाचा शोधायचा की दिवसाचा?

आता पुणे जिल्ह्यातलंच एक संशोधन. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, सरासरी 2.7 किलो, पण कमतरता होती स्नायूंची, चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचं, मधुमेहाच्या वाटेवरचं हे शरीर आईच्या पोटातच घडायला लागतं. दुष्काळी पट्ट्यातल्या, रोजगार हमीवर राबलेल्या, अर्धपोटी आईच्या पोटी जन्मलेला मुलगा वीस वर्षांनी चाकणला येतो. आरोग्य शिबिरातला वजनकाटा त्याला ‘नॉर्मल’ म्हणतो. त्याला पुढे साखर निघाली तर त्यात त्याच्या आईच्या उपासमारीचा वाटा आहे, आणि तो वाटा कोणत्याही निश्चयाने पुसता येत नाही.

याज्ञिकांच्याच गटाने खेड्यातले, झोपडवस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे 441 पुरुष तपासले आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापले. त्यांपैकी 67 टक्क्यांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. सगळ्यात जास्त कमतरता कोणात? शहरी मध्यमवर्गात, 81 टक्के. शाकाहाराशी तिचा थेट संबंध होता. ज्या घरांतलं जेवण सात्त्विक, नेमस्त, आदर्श म्हणून कामगारापुढे ठेवलं जातं, त्या घरांची ही स्थिती. आणि ज्या भुर्जीच्या गाडीकडे बोट दाखवलं जातं, तिथे रात्री साडेअकराला माणसाला अंडं मिळतं. प्रथिनंही मिळतात आणि बी-12ही. तेल कमी टाका, पावाऐवजी भाकरी-चपातीची सोय करा, हात धुवायला पाणी ठेवा, हे सांगणं मी समजू शकतो. त्या गाडीची लाज वाटायला लावणं मला मान्य नाही. रात्री उशिरा सुटलेल्या माणसाला त्या वेळी गरम काही देणारं या पट्ट्यात दुसरं कोण आहे?

‘घरचं खा’ या सल्ल्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो ऐकायला सगळ्यात निरागस वाटतो. घरचं म्हणजे घरातल्या बाईने केलेलं. नवऱ्याची बस पाचला येणार असेल तर तिने साडेतीनला उठून कणीक मळायची. अनेक घरांत तीही कुठल्यातरी वायरिंग किंवा पॅकिंगच्या युनिटमध्ये जाते; दोन डबे, मुलांचा तिसरा, आणि तिचा स्वतःचा नाश्ता या यादीत कुठेच नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्या आकड्यात ही बाई आहे. कारखान्याने टाळलेलं एक ताट कोणाच्या झोपेतून आणि कोणाच्या रक्तातून भरून निघतं, हे ‘घरचं खा’ म्हणताना दिसत नाही. तिला कोणी खाण्याशी नातं सुधारायला सांगू नये. तिला बसून, गरम, पोटभर जेवायला मिळालं पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर एक हरकत नेहमी घेतली जाते आणि ती टाळून चालणार नाही. हातात पैसा आला की हेच लोक महागडा मोबाइल घेतात, गुटखा खातात, रविवारी बिर्याणी मागवतात. मग फळांना पैसे नाहीत असं कसं म्हणता? रविवारच्या बिर्याणीपासून सुरुवात करतो. आठवडाभर उभ्याने गिळलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर मांडी घालून, हसत, तास-दोन तास जेवावं, ही या पट्ट्यातल्या खाण्यातली सगळ्यात निरोगी गोष्ट आहे. गुटख्याचं समर्थन मी करणार नाही. महाराष्ट्रात त्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तो तरीही मिळतो, हे आपल्या व्यवस्थेचं अपयश आहे. पण तंबाखू भूक मारते आणि जाग ठेवते. नाइटला हातातलं काम चुकू नये म्हणून पुडी फाडणाऱ्याला फक्त कॅन्सरचे फोटो दाखवून भागत नाही. त्याला पहाटे तीनला डोळे उघडे ठेवायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

राहिला प्रश्न, त्याच कारखान्यातली काही माणसं नीट खातात, तब्येत राखतात, ती कशी? त्यांच्याकडे काय आहे ते बघा. बहुधा ती पर्मनंट असतात, ठरलेला पगार, स्वतःचं घर, कुटुंब सोबत, कँटीनमध्ये हक्काचं ताट. त्यांचा संयम खरा आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण संयमाला पाय टेकायला जागा लागते, आणि ती जागा त्यांच्या शेजारी त्याच लाइनवर उभ्या असलेल्या कंत्राटी मुलाकडे नाही.

जेवणाची वेळ कोणाच्या हातात असावी, यावर महाराष्ट्रात कामगार फार पूर्वीपासून झगडला आहे. 1884 मध्ये सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी ही त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली मागणी. ती 10 जून 1890 ला पदरात पडली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत राबणाऱ्या माणसाला भाकरी खायला अर्धा तास हवा, हे तेव्हा मागावं लागलं. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून जास्त काम नको, मधे किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं कलम 55 मध्ये बांधून दिलं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत नेणाऱ्या, आणि तो अर्धा तास पाचऐवजी सहा तासांनी देऊ करणाऱ्या बदलाला मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा तशीच आहे, जादा कामाला दुप्पट पैसे आहेत, असं सरकार सांगतं. पोट आठवड्याची सरासरी काढत नाही. पहाटे चारला उठलेल्या माणसासाठी तो एक तास फार मोठा आहे. आरोग्य सप्ताहात वेळेवर जेवायला सांगणारे सगळे तज्ज्ञ या एका तासावर बोलले असते, तर त्यांच्या सल्ल्यावर माझा विश्वास बसला असता.

कँटीनचा कायदाही जुनाच आहे. 250 पेक्षा जास्त कामगार असतील तर कँटीन हवं, असं 1948 च्या कायद्याचं कलम 46 सांगत होतं, आणि कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत हेही त्याच कलमात होतं. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा शंभरावर आणला आणि त्यात कंत्राटी कामगारही धरले. कागदावर ही मोठी गोष्ट आहे. प्रत्यक्षात ती दोन ठिकाणी अडते. एक, ही समिती कोण चालवतं? कँटीनचा ठेका सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला गेला की डाळ पातळ होते, तेल तेच तेच वापरलं जातं आणि भाजीत बटाटा वाढतो. दुसरं, भोसरी-तळवड्याच्या गल्ल्यांतली शेकडो छोटी युनिटं, जिथे वीस-तीस माणसं प्रेसवर आणि लेथवर काम करतात. तिथे कायद्याचा आकडा कधीच गाठला जात नाही. तिथलं कँटीन म्हणजे गेटसमोरची चहाची टपरी.

यावर उपाय नाही असं कोणी म्हणू नये. पुण्यात 1974 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडणाऱ्या दरात ताजी भाकरी आणि पोटभर जेवण मिळावं, त्यावर नफा कमवू नये, हा तिचा पाया. हमालांनी स्वतःच्या संघटनेतून ती उभी केली आणि ती पुण्यात रुजली. मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या हातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणी कामगार ज्यांच्या हातचं जेवून जगला, त्या बायकांच्या श्रमाला तिथे पहिल्यांदा किंमत आली. 26 जानेवारी 2020 ला राज्याने दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. तिच्या अंमलबजावणीत कितीही उणिवा असोत, गरम ताट ही सार्वजनिक सोय असू शकते हे तिने मान्य केलं. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत चोवीस तास चालणारं, छोट्या युनिटांच्या कामगारांसाठीचं सामाईक स्वयंपाकघर का असू नये? रस्ता, पाणी, वीज यांची आखणी करणारी एमआयडीसी 1962 पासून कारखान्यांसाठी जमीन आखते आहे. त्या आखणीत ट्रकला उभं राहायची जागा लागते, तशी माणसाला जेवायची जागाही लागते.

म्हणून पुढच्या आरोग्य सप्ताहाला बोलावणं आलं की आहारतज्ज्ञांनी आधी शिफ्टचा तक्ता मागून घ्यावा. जेवणाच्या सुट्टीत रांगेत किती मिनिटं जातात ते स्वतः उभं राहून पाहावं, कंत्राटी मुलांबरोबर त्याच ताटात जेवावं, आणि आपलं पहिलं भाषण कामगारांपुढे न करता व्यवस्थापनापुढे करावं. कँटीन समितीत नाइटला येणारा एक कंत्राटी कामगार आणि लाइनवरची एक बाई बसवा, असं तिथे स्पष्ट सांगावं. सुट्टीची तीस मिनिटं ताट हातात आल्यापासून मोजा, रात्री दोनच्या ताटात अंडं किंवा उसळ ठेवा, आठवड्यातून तीन दिवस तरी ज्वारी-बाजरीची भाकरी करा, सेकंड शिफ्ट सुटताना बसमध्ये बसण्याआधी गरम काही खायला द्या, एवढ्या चार गोष्टी लेखी मागाव्यात आणि महिन्याने जाऊन त्या झाल्या की नाही ते पाहून यावं.